इटलीचा गावरान घास आणि आपली भाकर

सहलीच्या कंपन्यांची पत्रकं तुम्ही पाहिली असतील. इटलीचं पान उघडलं की एक फोटो हमखास असतो. टेकडी, तिच्यावर सुरूसारख्या उभ्या झाडांची रांग, दगडी घर, अंगणात लांब लाकडी टेबल, त्यावर पाव, ऑलिव्हचं तेल आणि वाईन. खाली लिहिलेलं असतं : अस्सल गावरान जेवणाचा आनंद घ्या. आज आम्ही त्या फोटोतल्या घराबद्दल बोलणार आहोत. धनजच्या या सभेत समोर बसलेले निम्मे लोक शेती करतात, त्यामुळे ते घर कुणाचं होतं, हे इथं समजावून सांगायला फार वेळ लागणार नाही.

ते घर बटईदाराचं होतं. तोस्काना, उंब्रिया, मार्के या मध्य इटलीच्या पट्ट्यात शेकडो वर्षं ‘मेत्सद्रिया’ नावाची पद्धत चालली. शब्दाचा अर्थच निम्मेपणा. जमीन मालकाची, घरही मालकाचं, राबणारं कुटुंब बटईदाराचं, आणि पीक अर्धं-अर्धं. आपल्याकडे बटईनं वावर करणारा माणूस गावात राहतो आणि सकाळी वावरात जातो. तिथं करारच असा की अख्खं कुटुंब शेतावरच राहील. म्हणून प्रत्येक टेकडीवर एकटं घर दिसतं. घरात हात किती, यावर जमीन किती मिळणार ते ठरायचं. मुलाचं लग्न करायचं तर मालकाची परवानगी लागायची. सणाला कोंबड्या आणि अंडी वाड्यावर पोचवावी लागत, ती वेगळीच.

आणि ते सुंदर दृश्य? तेही त्याच करारातून आलं. एकाच तुकड्यात गहू, द्राक्षं, ऑलिव्ह, चारा, सगळं पिकवायचं. गव्हाच्या पट्ट्यांमध्ये झाडांच्या रांगा आणि त्या झाडांवर चढवलेले द्राक्षवेल. घरच्या खाण्याला लागणारं सारं तिथंच उगवलं पाहिजे, शिवाय मालकाचा वाटाही निघाला पाहिजे. पाहणाऱ्याला चित्र वाटतं, पण ती कष्टकऱ्याची जमाखर्चाची वहीच आहे.

या मुलखात मराठी माणसं मोठ्या संख्येनं गेली ती सहलीला नव्हे, लढायला. दुसऱ्या महायुद्धात 1943 ते 1945 या काळात चौथी, आठवी आणि दहावी अशा तीन भारतीय डिव्हिजन इटलीत लढल्या. सुमारे 50,000 सैनिक, त्यातले 5,782 परतले नाहीत. मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पलटणी त्यात होत्या. भरती मुख्यतः कोकण, सातारा, कोल्हापूर, बेळगाव या भागांतली, म्हणजे शेतकऱ्यांचीच पोरं.

त्यातली दोन नावं तरी तुम्हाला ठाऊक असायला हवीत. नाईक यशवंत घाडगे, माणगाव तालुक्यातले, वय 22. 10 जुलै 1944 रोजी उंब्रियात, तिबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, त्यांच्या तुकडीतले सोबती मशिनगनच्या माऱ्यात पडले. घाडगे एकटे धावून गेले, तो मोर्चा त्यांनी मोडला आणि तिथंच ते मारले गेले. त्यांची कबर नाही. कासिनोच्या स्मारकावर नाव आहे. दुसरे शिपाई नामदेव जाधव, नगर जिल्ह्यातल्या निमजचे. 9 एप्रिल 1945 ला सेनिओ नदीवर त्यांनी दोन जखमी साथीदारांना खोल पाण्यातून आणि सुरुंगांच्या पट्ट्यातून बाहेर काढलं. मग शत्रूचे तीन मोर्चे बंद पाडले, आणि बांधावर उभं राहून शिवाजी महाराजांचा जयजयकार करत उरलेल्या कंपनीला पुढे बोलावलं. दोघांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. जाधव परत आले, 1984 साली वारले. घाडग्यांच्या नावानं जुलै 2023 मध्ये उंब्रियातल्या मोंतोने गावात सूर्यघडीच्या रूपातलं स्मारक उभं राहिलं.

शौर्य नोंदलं गेलं, ते योग्यच. पण शेतकऱ्याच्या पोरानं तिथल्या शेतकऱ्याचं घर पाहिलं तेव्हा त्याला काय वाटलं असेल, याची नोंद पदकाच्या कागदात नसते. सैन्याचा शिधा वेगळा होता : आटा, डाळ, तूप, चहा. इटलीच्या माणसाला मात्र 1942 पासून रेशनवर दिवसाला 150 ग्रॅम पाव मिळत होता. आपल्या एका भाकरीला पीठ किती लागतं, ते घरी विचारा.

तरीही त्या लोकांनी खाऊ घातलं. आफ्रिकेत पकडलेले बरेच भारतीय युद्धकैदी अवेत्सानोच्या छावणीत होते. सप्टेंबर 1943 मध्ये इटलीनं शस्त्रं खाली ठेवली आणि ठिकठिकाणचे कैदी डोंगरात पांगले. पकडून देणाऱ्याला जर्मनांकडून बक्षीस, लपवणाऱ्याला मृत्यू. अशा वेळी डोंगरातल्या शेतकऱ्यांनी परक्यांना गोठ्यात झोपवलं आणि आपल्या ताटातलं दिलं. आर. जी. साळवी या आपल्याच अधिकाऱ्यानं पुढे आठवणी लिहिल्या. त्या इंग्रजी पुस्तकाच्या नावाचा अर्थच ‘ज्यांना शत्रूंनी आसरा दिला’ असा होतो.

त्या ताटात काय होतं? इथं वऱ्हाडी माणसाला ओळखीचं पुष्कळ सापडेल. उंब्रियात ‘तोर्ता अल तेस्तो’ असते. तेस्तो म्हणजे निखाऱ्यावर ठेवायची जाड गोल तबकडी, म्हणजे तवाच की. तिच्यावर भाजलेली गव्हाची जाडसर भाकर. घाडगे पडले त्याच खोऱ्यात हिला ‘चाच्चा’ म्हणतात. सेनिओ वाहते त्या रोमान्या प्रांतात ‘पियादीना’. ही अधिक पातळ, पिठात डुकराची चरबी, आणि जुनी पद्धत मातीच्या तव्यावर भाजायची. मोंतेतिफ्फी गावात ते मातीचे तवे अजून घडतात. मांडे करायचं आपलं खापर आठवतं ना? तसंच.

उत्तरेकडे आणि डोंगरात पोलेंता. म्हणजे मक्याच्या कण्या, बरं का. शिजवून लाकडी पाटावर ओतायच्या, भोवती सगळं घर बसायचं आणि आपापल्या कडेनं खायचं. आज हॉटेलात हे कौतुकानं वाढतात. पण अठराव्या-एकोणिसाव्या शतकात उत्तर इटलीतला गरीब नुसत्या मक्यावर जगला आणि त्याला पेलाग्रा झाला. कातडी खरखरीत होते, जुलाब लागतात, शेवटी भ्रम होतो. रोगाचं नावच इटालियन आहे, अर्थ ‘खरखरीत कातडी’. तुम्हाला हे लांबचं वाटेल. पण 1960 साली हैदराबादच्या गोपालन आणि श्रीकांतिया या संशोधकांनी हाच रोग दख्खनच्या नुसत्या ज्वारीवर जगणाऱ्या मजुरांत दाखवून दिला. दोष ज्वारीचा नव्हे, मक्याचाही नव्हे. ताटात दुसरं काहीच नसण्याचा आहे. डाळ, दूध, भाजी बरोबर असली की तीच भाकर उत्तम.

युद्धानंतर बटईदार संपावर गेले, मोर्चे निघाले. 1964 च्या कायद्यानं मेत्सद्रियाचे नवे करार बंद झाले. पण तोवर पोरं कारखान्यांच्या शहरांकडे निघालीही होती. टेकड्यांवरची घरं ओस पडली. 1985 साली सरकारनं शेतावरच्या पर्यटनाचा कायदा केला आणि त्यातल्या कित्येक घरांत पाहुणे राहू लागले. पत्रकातला फोटो तो हा. 2014 मध्ये पियादीनाला युरोपीय संघाचं भौगोलिक मानांकन मिळालं. आपल्या मंगळवेढ्याच्या ज्वारीलाही 2016 साली असं मानांकन आहे. आम्हाला याचा आनंद आहे, फक्त ज्यांनी ती भाकर नाइलाजानं खाल्ली त्यांची नातवंडं आता ती विकत घेतात, एवढं लक्षात असू द्या.

काल रात्री इथल्या यजमानांकडे आम्ही जेवायला होतो. पोळ्या, श्रीखंड, सगळा थाट. आम्ही भाकर मागितली तर काकू ओशाळल्या. ‘पाहुण्यायले काय भाकर वाढता?’ म्हणाल्या. मग हळूच कळलं, घरात ज्वारीचं पीठच नव्हतं. वावरात सोयाबीन आणि तूर आहे, ज्वारी पेरून किती वर्षं झाली हे काकांनाही पटकन सांगता येईना. शेवटी शेजारच्या घरून दोन वाट्या पीठ आलं, आणि चूल नव्हती म्हणून गॅसवर भाकर झाली. अंबाडीची भाजी मात्र सकाळचीच शिल्लक होती, ती त्यांनी आम्हाला वाढायची नाही असं ठरवून झाकून ठेवली होती.