एक्झोसोम आणि कर्करोग

एक्झोसोम : पेशींनी बाहेर सोडलेल्या, साधारण ३० ते १५० नॅनोमीटर व्यासाच्या, मेदपटलाने वेढलेल्या पुटिका. १९८३ मध्ये अपक्व तांबड्या रक्तपेशींत त्यांचे उत्सर्जन दिसले, तेव्हा तो पेशीने टाकलेला कचरा मानला गेला. १९९६ मध्ये मात्र प्रतिकारयंत्रणेतील बी-पेशींच्या पुटिका त्याच यंत्रणेतील टी-पेशींना चेतवतात, असे आढळले.

कर्करोग हीच वाट स्वतःच्या बचावासाठी वापरतो. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील वेई ग्वो यांच्या गटाने २०१८ मध्ये दाखवले, की शरीरात पसरलेल्या मेलानोमा या त्वचेच्या कर्करोगाच्या पुटिकांवर पीडी-एल१ हे प्रथिन असते. टी-पेशींवरील पीडी-१ या ग्राहीला चिकटून ते त्यांचा मारा थोपवते, तेही मूळ अर्बुदापासून दूर. याहून विलक्षण बाब अशी, की टी-पेशी हल्ल्यासाठी जे इंटरफेरॉन-गॅमा हे संदेशवाहक प्रथिन सोडतात, तेच पुटिकांवरील पीडी-एल१ वाढवते.

उलट, पुटिका कर्करोगाविरुद्धही काम करू शकतात : प्रतिकारयंत्रणेतील डेंड्रायटिक पेशींच्या पुटिकांनी उंदरांतील अर्बुदे रोखल्याची नोंद १९९८ मधली.