औटकीचा हिशेब

साडेतीन मण ज्वारी, दर मणाला ७ रुपये २ आणे; किंमत किती? वऱ्हाडातील बाजाराला साजेसे हे तोंडी गणित. औटकी, म्हणजे साडेतीनचा पाढा, मुखोद्गत असलेल्याला पाटी लागत नसे. सातांची औटकी साडेचोवीस रुपये, दोनांची सात आणे. एकूण २४ रुपये १५ आणे.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी बुलढाणा जिल्हा मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात आला. पाचच महिन्यांनी, १ एप्रिल १९५७ रोजी, ६४ पैशांचा रुपया १०० नव्या पैशांचा झाला. दोन आण्यांचे आता साडेबारा पैसे! तरी दशमान पद्धती सोयीची, यात वाद नाही. पाढ्याबरोबर शब्दही मात्र विस्मरणात गेला. संतवाङ्मयातील ‘औट हात’ देह किंवा ‘औट घटकेचे राज्य’ शिकवताना साहित्याच्या वर्गात आधी औटकी समजावावी लागते.