आधी खोली, मग शाळा

मंडळी, मागे शाळांवर लिहिलं होतं, आज खोल्यांबद्दल. शिकायला शहरात आलेल्या खेड्यातल्या पोरानं राहायचं कुठे, हा प्रश्न आपल्याकडच्या शिक्षणाच्या इतिहासात उगाच मागच्या बाकावर बसवलाय असं मला वाटतं.

शाहू महाराजांनी तो पुढे आणला. कोल्हापुरात त्यांनी आधी सर्व जातींसाठी एकच वसतिगृह काढून पाहिलं, पण त्यात ब्राह्मण मुलंच उरली. मग १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग, पाठोपाठ जैन, मुस्लिम, लिंगायत मुलांची वसतिगृहं, आणि १९०८ साली अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह. जातवार वेगळी कशाला, असं आज वाटतं खरं. पण गावात जात विचारूनच खोली मिळायची, तिथे दुसरं काय करणार?

आमच्या वऱ्हाडात पंजाबराव देशमुखांनी हे काम उचललं. एडिनबरोहून शिकून आलेल्या या माणसानं अमरावतीत श्रद्धानंद छात्रालय काढलं, आणि तेही सगळ्या जातींच्या मुलांसाठी एकत्र! अंबादेवीच्या देवळात अस्पृश्यांना प्रवेश मिळावा म्हणून त्यांनी सत्याग्रह केला तोही याच सुमारास. एका पंगतीत जेवणारी पोरं त्या काळच्या अमरावतीला कशी दिसली असतील, याची मला फार उत्सुकता आहे.

पुढे सरकारी वसतिगृहं आली, पण जागा कायमच अपुऱ्या. म्हणून २०१६-१७ पासून सरकारनं दुसरी वाट धरली. वसतिगृहात नंबर न लागलेल्या आदिवासी मुलांना 'स्वयम्' आणि अनुसूचित जातीच्या व नवबौद्ध मुलांना 'स्वाधार' योजनेतून थेट खात्यात पैसे. तुमची खोली तुम्हीच शोधा. कल्पना वाईट नाही. अठरा वर्षांच्या पोराला वॉर्डनची घंटा नकोच असते.

आता हिशेब बघा. योजना आली तेव्हा यवतमाळसारख्या जिल्ह्याच्या ठिकाणी वर्षाला ४३,००० रुपये ठरले : जेवणाचे २५,०००, राहण्याचे १२,०००, वरखर्चाला ६,०००. दहा महिने धरले तरी खोलीला महिना १,२००. झरी-जामणीहून आलेल्या कोलाम पोरानं त्यात काय शोधावं? शिवाय अनामत आधी मोजायची, आणि त्याहीआधी "आडनाव काय?" हे आहेच.

आपल्याच नातेवाइकांत दोघा-तिघांच्या मागच्या खोल्या वर्षानुवर्षं कुलपात आहेत. काका, वाचताय ना?