लिनक्स कर्नेल : कोड पुढे, कागद मागे

संगणकाची ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे यंत्र आणि वापरणारा यांच्यामधील दुवा आणि कर्नेल म्हणजे त्या सिस्टीमचा गाभा. प्रोसेसरचा वेळ कोणत्या प्रोग्रॅमला किती द्यायचा, मेमरीची वाटणी कशी करायची, डिस्क, कीबोर्ड, नेटवर्क कार्ड यांच्याशी संवाद कसा साधायचा, हे सारे कर्नेल ठरवते. 'लिनक्स' हे मुक्त स्रोत पद्धतीने तयार होणारे असे कर्नेल आहे. अँड्रॉइड फोन त्यावर चालतात. जगातील सर्वांत वेगवान ५०० महासंगणकांच्या यादीत तर नोव्हेंबर २०१७ पासून लिनक्सखेरीज दुसरी सिस्टीमच उरलेली नाही. नोव्हेंबर २०२० च्या यादीत ६३ व्या क्रमांकावर आलेला पुण्याच्या 'सी-डॅक'चा 'परम सिद्धी-एआय' हाही त्याच मालिकेतला.

या कर्नेलचा सोर्स कोड कोणालाही पाहता येतो, हे सर्वश्रुत आहे. परंतु लक्षावधी ओळींचा कोड समोर असणे आणि तो समजणे यांत मोठे अंतर असते. हे अंतर कमी करण्याचे काम कोडच्याच शेजारी ठेवलेले 'डॉक्युमेंटेशन' नावाचे दालन करते. त्यात हजारो फाइली आहेत. हे दस्तऐवज एकदा लिहून संपत नाहीत. कोड बदलला, की त्याविषयीचे लिखाण त्या दिवसापासून जुने होऊ लागते. म्हणूनच लिहिण्यापेक्षा लिहिलेले खरे ठेवणे हे येथील अधिक कठीण आणि अधिक उपेक्षित काम ठरले आहे.

आरंभीचा काळ

हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने ऑगस्ट १९९१ मध्ये आपल्या या प्रकल्पाची घोषणा केली. १९९२ मध्ये कर्नेल 'जीपीएल' या परवान्याखाली आले आणि कोड वाचण्याचा, बदलण्याचा व वाटण्याचा हक्क सर्वांना मिळाला. हक्क मिळाला तरी वाचणाऱ्याला वाट दाखवणारे कोणीतरी हवे होते. त्याच सुमारास काही स्वयंसेवकांनी 'लिनक्स डॉक्युमेंटेशन प्रोजेक्ट' सुरू केला. प्रिंटर कसा जोडावा, नेटवर्क कसे उभारावे, अशा प्रश्नांची उत्तरे देणाऱ्या त्यांच्या 'हाउ-टू' पुस्तिकांवर अनेकांनी लिनक्सचे पहिले धडे गिरवले. कर्नेलकडून प्रोग्रॅमला मिळणाऱ्या सेवांचे वर्णन करणारा 'मॅन-पेजेस' हा प्रकल्पही याच काळातला. तो कर्नेलच्या बाहेर, स्वतंत्रपणे सांभाळला जातो.

कर्नेलच्या आतील दालन मात्र कोणत्याही आराखड्याशिवाय वाढत गेले. ज्याने जो भाग लिहिला, त्याने आपल्या सवडीने आणि आपल्या पद्धतीने एखादी मजकुराची फाइल त्यात टाकली. काही फाइली उत्तम होत्या, काही अर्धवट होत्या आणि काही अशा भागांविषयी होत्या, की जे भाग कर्नेलमधून केव्हाच निघून गेले होते. माहिती भरपूर होती, पण कोणती कोठे आहे आणि ती अजून खरी आहे का, हे नवख्याला कळण्याची सोय नव्हती.

नवी मांडणी

या पसाऱ्याला शिस्त लावण्याच्या प्रयत्नांना गेल्या दशकात वेग आला. 'एलडब्ल्यूएन' या लिनक्सविषयक वृत्त-संकेतस्थळाचे सहसंस्थापक आणि 'लिनक्स डिव्हाइस ड्रायव्हर्स' या ग्रंथाचे एक लेखक जोनाथन कॉर्बेट यांनी २०१४ च्या सुमारास या दालनाची देखभाल हाती घेतली. २०१६ मध्ये आलेल्या ४.८ या आवृत्तीपासून 'स्फिंक्स' हे साधन स्वीकारण्यात आले. 'पायथन' या भाषेच्या दस्तऐवजांसाठी निर्माण झालेले हे साधन साध्या मजकुरापासून दुवे आणि अनुक्रमणिका असलेली पाने तयार करते. पूर्वी वापरात असलेली 'डॉकबुक' ही किचकट पद्धत त्यानंतर निरोप घेती झाली. जुन्या फाइली नव्या स्वरूपात आणण्याचे काम पुढे काही वर्षे चालले.

स्वरूपापेक्षा महत्त्वाचा बदल होता तो वाचकानुसार केलेल्या विभागणीचा. यंत्रणा सांभाळणाऱ्या प्रशासकांसाठी एक विभाग, कर्नेलच्या सेवा वापरून प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांसाठी दुसरा, ड्रायव्हर लिहिणाऱ्यांसाठी तिसरा आणि बदल कसे पाठवावेत हे सांगणारा चौथा, अशी दालनाची रचना होत गेली. तिचा उपयोग लवकरच दिसला. जानेवारी २०१८ मध्ये प्रोसेसरमधील 'मेल्टडाउन' आणि 'स्पेक्टर' हे दोष जगजाहीर झाले. त्यांवरील आणि पाठोपाठ उघड झालेल्या तशाच दोषांवरील उपाय कर्नेलमध्ये आले, परंतु त्यांतील काही उपायांनी यंत्राचा वेग मंदावत होता. कोणता उपाय कोणत्या परिस्थितीत आवश्यक आहे आणि कर्नेल सुरू करताना कोणता पर्याय द्यावा, हे प्रशासकाला सांगणारी पाने त्यामुळे कोडइतकीच मोलाची ठरली. अशा ठिकाणी एक चुकीचे वाक्य म्हणजे एक उघडे राहिलेले दार.

बदल कसा होतो?

कर्नेलची नवी आवृत्ती साधारणतः दर नऊ-दहा आठवड्यांनी निघते. पहिले दोन आठवडे नवे बदल स्वीकारले जातात, उरलेला काळ चाचणीचा आणि दुरुस्तीचा. एका आवृत्तीत सामान्यतः दहा हजारांहून अधिक बदल होतात. दस्तऐवजातील दुरुस्तीही कोडमधील दुरुस्तीच्याच वाटेने जाते. जुन्या आणि नव्या मजकुरातील फरक दाखवणारा 'पॅच' ई-मेलने पाठवायचा, बदल का केला याचे स्पष्टीकरण द्यायचे आणि खाली 'साइन्ड-ऑफ-बाय' ही ओळ लिहून आपल्याला तो देण्याचा अधिकार असल्याची ग्वाही द्यायची. संबंधित भागाचा 'मेंटेनर', म्हणजे देखभालकर्ता, तो तपासतो. शब्दलेखनाची चूक असो की प्रकरणाचे पुनर्लेखन असो, नियम एकच.

या पद्धतीचा मोठा लाभ म्हणजे कोड आणि त्याविषयीचे लिखाण एकाच पॅचमध्ये बदलता येते. मे २०२२ मधील ५.१८ या आवृत्तीत कर्नेलने 'सी' भाषेचे १९८९ चे मानक सोडून २०११ चे मानक स्वीकारले, तेव्हा कोणती भाषा वापरली जाते हे सांगणारे पानही त्यासोबतच सुधारण्यात आले. डिसेंबर २०२२ मधील ६.१ आवृत्तीत 'रस्ट' या दुसऱ्या भाषेचा प्रवेश झाला, तोही तिच्या स्वतंत्र दस्तऐवज-विभागासह. प्रत्येक बदलाच्या वेळी हे भान राखले जाते असे मात्र नाही. घाईत असलेला प्रोग्रॅमर कोड बदलतो, चाचणी उत्तीर्ण होते आणि शेजारचा परिच्छेद तसाच राहतो.

कर्नेलचे एक धोरण या समस्येत भर घालते. बाहेरच्या प्रोग्रॅमना दिलेल्या सेवा मोडायच्या नाहीत, हा टोरवाल्ड्स यांचा कडक दंडक आहे. आतील रचना मात्र केव्हाही बदलण्याची मुभा विकासकांना आहे. अशी मुभा का हवी, याचे समर्थन करणारा लेखही याच दालनात आहे. परिणामी बाहेरच्या सेवांचे वर्णन वर्षानुवर्षे टिकते आणि आतल्या रचनेचे वर्णन काही महिन्यांत शिळे होऊ शकते.

यंत्र काय तपासते?

शिळेपणाचा शोध घेण्यासाठी काही यांत्रिक उपाय आहेत. 'कर्नेल-डॉक' या पद्धतीत प्रत्येक फंक्शनचे वर्णन कोडमध्येच, त्या फंक्शनच्या अगदी वर, ठरावीक खुणांमध्ये लिहिले जाते. एक प्रोग्रॅम ही वर्णने गोळा करून पाने बनवतो. जुन्या 'पर्ल' भाषेतील हा प्रोग्रॅम २०२५ मध्ये 'पायथन'मध्ये नव्याने लिहिला गेला. फंक्शनला नवा घटक जोडला आणि वर्णनात त्याचा उल्लेख केला नाही, तर हा प्रोग्रॅम इशारा देतो. फोन व छोट्या उपकरणांतील हार्डवेअरचे वर्णन करणारे 'डिव्हाइस ट्री' विषयक दस्तऐवज २०१८-१९ पासून 'याम्ल' या काटेकोर स्वरूपात आणले जात आहेत. त्यामुळे प्रत्यक्ष वर्णन नियमांना धरून आहे की नाही, हे संगणकालाच पडताळता येते.

तथापि यंत्र केवळ रूप तपासते, अर्थ नव्हे. 'हे फंक्शन बोलावण्यापूर्वी अमुक लॉक घेतलेले असावे' असे वाक्य लिहिलेले आहे आणि मधल्या काळात नियम उलटा झाला आहे, अशी कल्पना करा. सारे घटक जागच्या जागी असल्याने कोणताही इशारा मिळणार नाही. दस्तऐवजावर विश्वास ठेवून ड्रायव्हर लिहिणाऱ्याचे यंत्र मात्र अधूनमधून गोठेल आणि कारण शोधण्यात त्याचे दिवस जातील. माहिती नसती तर त्याने कोड वाचला असता. चुकीच्या माहितीने त्याला ती गरजच भासू दिली नाही. अनेक प्रोसेसर एकाच वेळी मेमरी वापरतात तेव्हा पाळायचे नियम सांगणारा 'मेमरी बॅरिअर्स' हा २००६ मधील दस्तऐवज या दृष्टीने प्रामाणिक आहे. आपण प्रमाणग्रंथ नसून अपूर्ण आहोत, असे तो वाचकाला आधीच बजावतो. हे नियम गणिती काटेकोरपणे मांडणारे आणि यंत्राला पडताळता येणारे प्रतिमान २०१८ मध्ये कर्नेलमध्ये दाखल झाले.

शब्दांवरून वाद

काय लिहावे यावरून येथे मतभेदही झाले आहेत. २००२ मध्ये टोरवाल्ड्स यांनी कोड सांभाळण्यासाठी 'बिटकीपर' हे खासगी मालकीचे सॉफ्टवेअर वापरण्यास सुरुवात केली आणि ते कसे वापरावे याची माहिती या दालनात ठेवली गेली. मुक्त सॉफ्टवेअरच्या घरात परक्या मालाची जाहिरात कशाला, असा आक्षेप घेऊन ती फाइल काढण्याचा प्रस्ताव आला. टोरवाल्ड्स यांनी तो मान्य केला नाही. २००५ मध्ये बिटकीपरची मोफत सवलत बंद झाली, टोरवाल्ड्स यांनी 'गिट' निर्माण केले आणि वादाचे कारणच संपले. अलीकडचे उदाहरण जुलै २०२० चे. 'मास्टर-स्लेव्ह' आणि 'ब्लॅकलिस्ट-व्हाइटलिस्ट' हे शब्द नव्या कोडमध्ये टाळावेत, अशी सूचना लेखनशैलीच्या नियमांत समाविष्ट झाली.

वाद नसला तरी काढून टाकण्याचे कामही करावेच लागते. 'इटानियम' प्रोसेसरचा आधार ६.७ या आवृत्तीत कर्नेलमधून वगळण्यात आला, तेव्हा त्याविषयीचे दस्तऐवजही गेले. 'रायझर-एफएस' ही फाइल व्यवस्था ६.१३ मध्ये गेली. योग्य वेळी पान फाडणे हीसुद्धा संपादकाची जबाबदारी असते.

मोबदल्याचा प्रश्न

कर्नेलचा बराचसा कोड आज मोठ्या कंपन्यांच्या पगारावरील अभियंते लिहितात. दस्तऐवज सांभाळण्यासाठी पगार मिळणारी माणसे मात्र विरळाच. 'मॅन-पेजेस'चा इतिहास या दृष्टीने बोलका आहे. मायकेल केरिस्क यांनी २००४ पासून दीड दशकाहून अधिक काळ हा प्रकल्प सांभाळला. २००८ मध्ये 'लिनक्स फाउंडेशन'ने काही काळ त्यांना अर्थसाहाय्य दिले. एखाद्या सेवेचे वर्णन लिहिण्यासाठी ती वापरून पाहिली, की तिच्यातील दोष आणि रचनेतील चुका हाती लागतात, हा त्यांचा अनुभव होता. म्हणजे दस्तऐवज लिहिणारा हा कोडचा परीक्षकही ठरतो. त्यांच्यानंतर आलेल्या आलेहांद्रो कोलोमार यांनी सप्टेंबर २०२४ मध्ये, आर्थिक पाठबळाअभावी देखभाल थांबवत असल्याचे जाहीर केले. पुढे काही कंपन्यांनी मदतीचा हात दिला आणि काम पुन्हा सुरू झाले. परंतु जगभरचे प्रोग्रॅमर रोज उघडतात ती पाने एका व्यक्तीच्या मिळकतीवर अवलंबून आहेत, हे त्या घोषणेने सर्वांना दाखवून दिले.

भाषांतरे आणि नवोदित

या दालनातील निवडक पानांची चिनी, जपानी, कोरियन, इटालियन, स्पॅनिश आदी भाषांत भाषांतरे झाली आहेत. भाषांतराला तर दुहेरी शाप आहे. आधी कोड बदलतो, मग मूळ इंग्रजी पान बदलते आणि त्यानंतर भाषांतर मागे पडते. त्यामुळे भाषांतरकाराला लिहून मोकळे होता येत नाही. मूळ पानावर सतत नजर ठेवावी लागते. २०२५ पर्यंत या दालनात मराठी किंवा अन्य भारतीय भाषेचा विभाग नव्हता. तो उभारू पाहणाऱ्यांनी पहिल्या पानाइतकाच दहाव्या दुरुस्तीचाही विचार करावा लागेल.

कर्नेलच्या कामात शिरू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांना पुष्कळदा दस्तऐवजातील दुरुस्तीपासून सुरुवात करण्याचा सल्ला दिला जातो. पॅच पाठवण्याची रीत त्यातून अंगवळणी पडते, हे खरे. पण शब्दलेखन सुधारणे आणि विधान खरे आहे की नाही ते तपासणे, या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत. दुसरी पायरी चढायची तर शेजारचा कोड वाचावा लागतो, तो कधी व का बदलला हे गिटच्या नोंदींत शोधावे लागते आणि गरज पडल्यास तो लिहिणाऱ्याला विचारावे लागते. हे काम करणारा लेखनिक राहत नाही, तो त्या भागाचा जाणकार होतो. आणि अशा जाणकारांची गरज दर नऊ-दहा आठवड्यांनी नव्याने निर्माण होत राहते.