वहीत नसलेला रकाना

मॉर्फीनच्या कपाटाला दोन कुलपं असत. एकाची किल्ली माझ्याकडे, दुसऱ्याची मुख्य सिस्टरांकडे. दोघं हजर असल्याशिवाय कपाट उघडायचं नाही, हा दंडक. आत फार काही नसे: १५ मिलिग्रॅमच्या अँप्यूलची एखाद-दोन खोकी, थोडं पेथिडीन आणि जाड पुठ्ठ्याची वही. वहीत तारीख, रुग्णाचं नाव, खाटेचा नंबर, डॉक्टरांचं नाव, दिलेली मात्रा, वाया गेलेली मात्रा, शिल्लक आणि दोन सह्या. रिकामं अँप्यूलसुद्धा परत घेऊन मोजायचं. घाटावरच्या एका जिल्ह्याच्या गावी, सरकारी दवाखान्यात मी औषध निर्माता म्हणून लागलो तो अमली पदार्थांच्या १९८५ च्या कायद्याआधी, आणि निवृत्त झालो तो त्या कायद्याची २०१४ ची दुरुस्ती कागदावर आल्यानंतर. मधल्या काळात वह्या बदलल्या, रकाने वाढले. रुग्णाला किती दुखत होतं आणि इंजेक्शननंतर किती उरलं, हे लिहायला रकाना कधीच आला नाही.

म्हाताऱ्या माणसांच्या दुखण्याचा आपल्याकडचा इतिहास मला या उणिवेत दिसतो. औषध आपण गुंजेगुंजेनं मोजलं. दुखणं मोजायचं राहून गेलं.

औषध म्हणजे मुळात अफू. चरक-सुश्रुतांच्या ग्रंथांत ती नाही. शार्ङ्गधरसंहितेपासून ती आयुर्वेदात दिसू लागते, अहिफेन या नावानं. इंग्रजी अमलात ती आधी महसुलाची बाब झाली आणि मग औषधाची. गाझीपूरचा सरकारी कारखाना १८२० चा. माळव्यातली अफू मुंबई बंदरातून चीनला जाई आणि त्या व्यापारात शहरातल्या कित्येक पेढ्या मोठ्या झाल्या. भायखळ्याचं जे. जे. रुग्णालय ज्यांच्या देणगीतून उभं राहिलं, त्या सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या संपत्तीतही या व्यापाराचा वाटा होता. म्हणजे मुंबईच्या आधुनिक वैद्यकाच्या पायात अफूचा पैसा आहे. त्या पैशातून वाढलेल्या दवाखान्यांत अफूचंच औषध पुढे इतकं दुर्मीळ व्हावं, हे मला नोकरीभर चमत्कारिक वाटत आलं.

१८९३ मध्ये ब्रिटिश सरकारनं अफूसाठी रॉयल कमिशन नेमलं. लॉर्ड ब्रॅसी अध्यक्ष. दरभंग्याचे महाराज आणि हरिदास विहारीदास देसाई हे दोन हिंदी सभासद. सातशेहून अधिक साक्षी झाल्या, त्यांचे जाडजूड खंड निघाले. त्या साक्षींत एक गोष्ट पुन्हापुन्हा येते: चाळिशी उलटली की सांधे, खोकला, जुलाब, थंडी यांसाठी रोज छोटीशी गोळी घ्यायची, अशी अनेक प्रांतांत रीत होती. कमिशननं १८९५ मध्ये बंदी नको असा निष्कर्ष काढला. हेन्री विल्सन या सभासदानं भिन्नमत नोंदवलं. वाद नीतीचा आणि महसुलाचा होता. गोळी घेणाऱ्या म्हाताऱ्याचे गुडघे त्यात पुराव्यापुरते आले आणि गेले.

स्वातंत्र्यानंतर अफूचं खाणं संपवायचं ठरलं. १ एप्रिल १९५९ पासून औषधाखेरीज अफू विकणं बंद झालं. ज्यांची सवय जुनी, त्यांची डॉक्टरी दाखल्यावर नोंद करून परवाने दिले गेले. आमच्या गल्लीत असे एक परवानाधारक आजोबा होते. दर महिन्याला घडी घातलेला कागद कोपरीच्या खिशात ठेवून तालुक्याला जायचे आणि संध्याकाळच्या एसटीनं परतायचे. त्यांना चालताना पाहिलेल्या कुणालाही कळलं असतं की हा माणूस नशेसाठी इतकी पायपीट करत नाही. पण कागदावर ते व्यसनी होते. गुडघ्यांची नोंद कुठेच नव्हती.

अफूपासून मॉर्फीन वेगळं काढणारा माणूस आमच्याच धंद्यातला, याचा मला अभिमान आहे. पाडरबॉर्नच्या एका औषधाच्या दुकानात उमेदवारी करणाऱ्या फ्रिडरिश झर्टुर्नर या जर्मन तरुणानं १८०५ च्या सुमारास हे केलं आणि नंतर ते स्वतः घेऊन पाहिलं. त्याचं महत्त्व असं, की अफूच्या एका गोळ्यात मॉर्फीन जास्त तर दुसऱ्यात कमी, त्यामुळे मात्रा अंदाजानं द्यावी लागे. झर्टुर्नरनंतर ती तोलून देता येऊ लागली. औषध मोजण्याचा प्रश्न तिथे सुटला.

दुखणं मोजण्याची गाजलेली खटपट व्हायला मात्र १९४० साल उजाडलं. न्यूयॉर्कमध्ये हार्डी, वुल्फ आणि गुडेल या तिघांनी कपाळावर काळा रंग लावून त्यावर दिव्याची उष्णता सोडली, आणि किती तापलं की माणूस दुखतंय म्हणतो हे टिपलं. या मोजमापाचं एककही ठरवलं, ‘डोल’. यंत्र सुरेख होतं. पण निरोगी माणसाचं भाजलेलं कपाळ आणि मणका खचलेल्या म्हातारीची पाठ यांचा संबंध ते जोडू शकलं नाही. इकडे हेन्री बीचर या भूलतज्ज्ञानं दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या आघाडीवर पाहिलं की भयंकर जखमी सैनिकांपैकी अनेक जण मॉर्फीन मागतच नव्हते. जखमेच्या आकारावरून दुखणं कळत नाही, हे त्यानं १९४६ मध्ये लिहिलं. मग यंत्र मागे पडलं आणि विचारणं पुढे आलं. १९७४ मध्ये हस्किसन यांनी दहा सेंटिमीटरच्या रेघेचा पुरस्कार केला: एका टोकाला काही दुखत नाही, दुसऱ्या टोकाला सोसवत नाही, रुग्णानं मधे खूण करायची. पुढच्याच वर्षी मॉन्ट्रियलच्या रोनाल्ड मेलझॅक यांनी ठणका, आग, चमक अशा दुखण्याच्या तऱ्हा वेगवेगळ्या टिपणारी प्रश्नावली छापली. आग आणि मुंग्या असतील तर शिरेचं दुखणं असू शकतं, मग साधी वेदनाशामकं कमी पडतात, असा त्याचा व्यवहारातला उपयोग.

म्हातारी माणसं या साऱ्यात उशिरा आली. रेघेवर खूण करणं अनेक वृद्धांना जमत नाही, हे वापरात दिसून आलं. त्यांना ‘नाही, थोडं, बरंच, फार’ अशा पायऱ्या सोप्या जातात. वृद्धांच्या जुनाट वेदनेसाठी अमेरिकन जेरियाट्रिक्स सोसायटीनं आपली पहिली स्वतंत्र मार्गदर्शिका काढली ती १९९८ मध्ये. आणि ज्यांना बोलताच येत नाही त्यांचं काय? २००० मध्ये मॉरिसन आणि स्यू यांनी खुब्याचं हाड मोडलेल्या रुग्णांची तुलना छापली. स्मृतिभ्रंश बळावलेल्यांना मिळालेलं मॉर्फीन हे शुद्धीत बोलू शकणाऱ्यांच्या एक तृतीयांश होतं. हाड तेच, मोडणंही तेच.

हे वाचलं तेव्हा मला नवल वाटलं नाही. न्हाणीघरात पाय घसरून पडलेल्या आज्या आमच्याकडे पावसाळ्यात हमखास येत. वॉर्डातून येणाऱ्या चिठ्ठ्या माझ्या हातातून जात. आरडाओरडा करणाऱ्या तरुण अपघातग्रस्ताची चिठ्ठी तासाभरात येई. भिंतीकडे तोंड करून पडलेल्या आजींची येत नसे, आली तर पॅरासिटामॉलची. नातेवाईक म्हणत, ‘शांत आहेत हो.’ बोलू न शकणाऱ्यांसाठी २००३ मध्ये एक पाच ओळींचा तक्ता आला: श्वास कसा आहे, कण्हणं आहे का, चेहरा कसा, अंग आखडलंय का, जवळ घेतल्यावर शांत होतात का. प्रत्येकाला शून्य ते दोन गुण. त्याला यंत्र लागत नाही आणि तो भरायला डॉक्टरही लागत नाही. आंघोळ घालणारी मावशी तो सर्वांत नीट भरते, कारण कूस बदलताना चेहरा कसा होतो हे तिलाच दिसतं.

आता १९८५ कडे येतो. १४ नोव्हेंबरला अमली पदार्थांचा नवा कायदा, एनडीपीएस, अमलात आला. १८५७ आणि १८७८ चे अफूचे कायदे आणि १९३० चा डेंजरस ड्रग्ज अॅक्ट त्यानं रद्द केले. रोख तस्करांवर होता, पण किमान दहा वर्षांची सक्तमजुरी आमच्यासारख्यांच्याही मानेवर आली. मॉर्फीन ठेवायला चार-पाच वेगवेगळे परवाने लागत, आणि ते सगळे एकाच वेळी चालू असायला हवेत. एक येईपर्यंत दुसऱ्याची मुदत संपे. डॉक्टर लिहायचे थांबले, आम्ही मागवायचे थांबलो. देशातला मॉर्फीनचा वैद्यकीय वापर सत्त्याण्णव टक्क्यांनी घसरून १९९७ मध्ये फक्त १८ किलोवर आला. आणि याच देशात कायदेशीर अफूचा चीक गोळा होतो, नीमच-गाझीपूरला शुद्ध होतो, परदेशी जातो!

मॉर्फीनच्या जागी जे आलं, ते म्हाताऱ्यांना जास्त बाधलं. पेंटॅझोसिनची इंजेक्शनं सर्रास वापरली जाऊ लागली. वृद्धांना त्यानं भ्रम होतो, म्हणून वृद्धांसाठी टाळायच्या औषधांच्या १९९१ च्या बिअर्स यादीत ते आहे. बाहेर दुकानांत डायक्लोफेनॅकच्या पट्ट्या चिठ्ठीविना विकल्या जात होत्या. रोज एक गोळी, सहा महिने. मग काळी शौच, सुजलेले पाय, वाढलेलं क्रिएटिनिन. मॉर्फीन म्हाताऱ्यांना सोसत नाही असं म्हणणारे लोक या गोळीला निरुपद्रवी समजत. खरं तर मॉर्फीनचं गणित अवघड नाही: मूत्रपिंड मंद झालेलं असतं म्हणून कमी मात्रेनं सुरुवात, सावकाश वाढ, आणि पहिल्या दिवसापासून सोबत रेचक.

हे गणित जगाला नीट शिकवलं ते लंडनच्या सिसिली साँडर्स यांनी. आधी नर्स, मग रुग्णालयातल्या समाजसेविका, मग डॉक्टर. दुखू लागण्याची वाट न पाहता घड्याळाप्रमाणे तोंडानं मॉर्फीन द्यायचं, आणि माणसाच्या काळज्याही दुखण्यात धरायच्या, हे त्यांनी रुजवलं. त्यांचं सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस १९६७ चं. १९८६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं वेदनाशामकांची तीन पायऱ्यांची शिडी प्रसिद्ध केली, आणि त्याच वर्षी वांद्र्याला, माउंट मेरीजवळ, डॉ. एल. जे. डिसूझा यांनी शांती आवेदना हे देशातलं पहिलं हॉस्पिस सुरू केलं. कायदा लागू झाल्याच्या पुढच्याच वर्षी! १९९३ मध्ये कोझिकोडेला डॉ. एम. आर. राजगोपाल, डॉ. सुरेश कुमार आणि सहकाऱ्यांनी पेन अँड पॅलिएटिव्ह केअर सोसायटी काढली. शेजारपाजारच्या स्वयंसेवकांना तयार करून ते घराघरांत गेले. कर्करुग्णांइतकेच अंथरुणाला खिळलेले वृद्धही त्यांच्या यादीत आले. मॉर्फीन घरी दिल्यानं गाव व्यसनी होत नाही, हे केरळनं दाखवलं. पुण्यात वारज्याला सिप्लाचं केंद्र १९९७ मध्ये आलं.

२०१४ मध्ये कायदा दुरुस्त झाला. मॉर्फीन, फेंटॅनिल, मेथाडोन, कोडीन, ऑक्सिकोडोन, हायड्रोकोडोन ही सहा औषधं ‘अत्यावश्यक’ वर्गात आली आणि मान्यताप्राप्त संस्थेला एकच परवानगी पुरेशी झाली. दार उघडलं, तरी कपाट आपोआप भरत नाही. याचं कारण कुठल्याही सरकारी फार्मासिस्टला ठाऊक आहे. आमचा वार्षिक इंडेंट, म्हणजे औषधांची मागणी, मागच्या वर्षीच्या खपावर निघतो. खप शून्य, तर मागणी शून्य. मागणी शून्य, तर साठा शून्य. साठा नाही म्हणून नवा डॉक्टर ते लिहायला शिकत नाही, आणि पुढच्या वर्षीचा खप पुन्हा शून्य. या फेऱ्यात खोट कुणाचीच दिसत नाही, प्रत्येकाचा कागद बरोबर असतो.

हा फेरा तोडायला नवा कायदा नको. केसपेपरवर नाडी, ताप, रक्तदाब लिहितात, त्याच ओळीत दुखण्याचा आकडा लिहायला लागा. बोलणाऱ्याचा विचारून, न बोलणाऱ्याचा पाच ओळींच्या तक्त्यावरून. औषध दिल्यावर तासाभरानं पुन्हा लिहा. म्हातारपणी दुखायचंच, हे वाक्य आकड्यापुढे टिकत नाही, कारण दहापैकी सात लिहून स्वस्थ बसायला सही करणारा कचरतो. आणि वर्षभराचे सात-आठ एकत्र आले की इंडेंट मागच्या खपावर काढायचा की वॉर्डातल्या गरजेवर, हा प्रश्न वरच्या साहेबाला टाळता येत नाही.