५१२च्या बफरात ५३६ बाइट

२ नोव्हेंबर १९८८, संध्याकाळी ६च्या सुमारास : कॉर्नेल विद्यापीठाचा विद्यार्थी रॉबर्ट मॉरिस एक वर्म, म्हणजे स्वतःच्या प्रती काढत पसरणारा प्रोग्रॅम, नेटवर्कवर सोडतो, तोही एमआयटीच्या मशीनवरून, म्हणजे माग काढणारा कॉर्नेलला पोचायला नको. वर्मला शिरायला तीन वाटा आहेत. मेलच्या प्रोग्रॅममध्ये उघडी राहिलेली डिबगची सोय, लोकांचे सोपे पासवर्ड आणि फिंगरडी. तिसरी वाट म्हणजे खास सी भाषेची देणगी.

फिंगरडी हा ‘अमुक माणूस लॉगिन आहे का’ असल्या प्रश्नांना उत्तर देणारा चिमुकला प्रोग्रॅम. प्रश्न ठेवायला ५१२ बाइटचा बफर आणि तो भरायला गेट्स हे फंक्शन. गेट्सला पॉइंटर देतात, त्यामुळे कुठून लिहायचं ते त्याला कळतं. कुठे थांबायचं ते सांगायची सोयच नाही. ओळ संपेपर्यंत ते लिहीत सुटतं. वर्म पाठवतो ५३६ बाइट. जादाचे २४ बाइट स्टॅकवर सांडतात आणि मेन हे मुख्य फंक्शन संपल्यावर जिथे परतायचं, तो पत्ताच बदलून टाकतात. नवा पत्ता बफरच्याच आतला, आणि तिथे शेल चालू करणाऱ्या सूचना आधीच येऊन बसल्यात. मेन इमानेइतबारे त्या पत्त्यावर जाते. मशीन परक्याच्या हाती! ही करामत फक्त व्हॅक्सवर साधते. सन मशीनवर फिंगरडी नुसताच कोसळतो.

रात्री ८:४९ : युटा विद्यापीठाच्या व्हॅक्स ८६००ला लागण.

९:२१ : लोड, म्हणजे मशीनवरचा कामाचा ताण, ५. एरवी या वेळी १च्या आसपास.

१०:०१ : १६.

१०:०६ : नवी प्रोसेस सुरूच होईना.

१०:२० : अ‍ॅडमिन सगळे वर्म मारतो.

१०:४१ : पुन्हा लागण, लोड २७.

१०:४९ : मशीन बंद करून पुन्हा चालू.

११:२१ : ३७.

एकाच मशीनवर वर्मच्या प्रती साचू नयेत, म्हणून आधीची प्रत सापडली तर दोघींतली एक मरावी, असा मॉरिसचा खरा बेत. पण खोटी प्रत दाखवून कुणी फसवेल, या धास्तीने सातांतली एक न मरणारी ठेवलेली. सातात एक हा हिशेब त्याने कुठल्या कागदावर मांडला होता, देव जाणे.

३ नोव्हेंबर, पहाटे ३:३४ : मॉरिसचा हार्वर्डमधला मित्र निनावी संदेश टाकतो. त्यात माफी आहे आणि उपायही : फिंगरडीला स्टॅकबाहेर लिहू देऊ नका. पण वर्मच्या गोंधळात मेलचे रस्तेच बंद पडलेत. संदेश पोचायला दिवसाहून जास्त लागतो.

फिंगरडीची दुरुस्ती निघाली एका ओळीची : गेट्स काढून एफगेट्स, ज्याला बफरचा आकारही सांगावा लागतो. गेट्स मात्र पुढच्याच वर्षी, १९८९ साली, सीच्या पहिल्या अधिकृत स्टँडर्डमध्ये रीतसर दाखल झालं. ते तिथून निघालं २०११मध्ये.