पद्मिनी, प्रीमियर : निलंबन-सुधारणा

इटलीच्या फियाट 1100 मोटारीची भारतीय आवृत्ती. वालचंद हिराचंद यांनी 1944 मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ला (मुंबई) येथील कारखान्यात ती तयार होई. 1964 मध्ये ‘1100 डी’ आली. ‘पद्मिनी’ हे नाव 1974 पासून. एंजिन 1,089 घ. सेंमी. घडण कुटुंबाच्या गाडीची असली, तरी मद्रासजवळच्या शोलावरम धावपट्टीवर सुधारलेल्या फियाट शर्यतींत उतरत.

मूळ रचना : पुढे असमान लांबीच्या दुहेरी भुजा (विशबोन), गुंडाळी कमानी व किंगपिन, मागे अखंड आस आणि पाट्यांच्या कमानी.

सुधारणा : काम झिजलेल्या भागांपासून सुरू करावे लागते. किंगपिन आणि बुश ढिले असताना ताठर कमानी बसवल्या, तर चाकाची डगमग तशीच राहते आणि हादरे मात्र वाढतात. त्यानंतर शॉकअप. आर्णी (जि. यवतमाळ) परिसरासारख्या काळ्या मातीच्या मुलखात त्यांचे महत्त्व विशेष आहे. ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते. त्यामुळे वरचा डांबरी रस्ता लांब लाटांसारखा उंचसखल होतो. अशा रस्त्यावर वेगातली गाडी खालीवर झुलत राहते. दबलेली कमान उसळून परतताना तिला आवर घालणारा शॉकअप येथे ताठर कमानीपेक्षा अधिक उपयोगी ठरतो. नागपूर–तुळजापूर मार्गावर जुनी गाडी चालवणाऱ्याने पहिला खर्च यावरच करावा.

गाडी खाली बसवण्यासाठी पुढच्या कमानीचा वेढा कापण्याची पद्धत आहे. तिच्याविषयी कारागिरांत एकमत नाही. आठ कार्यकारी वेढ्यांपैकी एक कापला, की ताठरता सुमारे 14 टक्के वाढते. शिवाय भुजा असमान असल्याने चाकाचा कलही बदलतो आणि कमानीला दबायला जागा कमी उरते. प्रस्तुत नोंदीत ही पद्धत सुधारणा मानलेली नाही.

मागील बाजू : पाट्यांमधील घर्षण हाही एक आवर असतो, जादा पाटा ओझ्यासाठी, वेगासाठी नव्हे.

कायदा : 1988 च्या मोटार वाहन कायद्याचे कलम 52 निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदलांना मर्यादा घालते. 2021 च्या नियमांनुसार 50 वर्षांहून जुन्या गाडीला ‘व्हिंटेज’ नोंदणी मिळू शकते. सांगाडा, बॉडी वा एंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा.

टायर : मूळ माप 5.20-14, क्रॉसप्लाय. रेडियल घातल्यास चाकांची अलाइनमेंट पुन्हा करावी लागते.